जिना वाजवणारे जाधवभाऊजी

आमच्या जिन्यात कुणी चढायला लागलं की पेटी वाजते. खोटं नाही सांगत. समोरच्या जाधवभाऊजींनी दाराबाहेर कॅमेरा लावलाय. त्याच्यासमोर जे हलेल, त्याचे आतला कॉम्प्युटर सूर करतो. हात वर गेला की वरचा सूर, खाली आला की खालचा. नाशिक रोडची बाकीची रिटायर माणसं सकाळी फिरायला जातात. हे मोबाइलवर बघून बघून असलं शिकले.

त्यात स्वभाव मास्तरकीचा. मी भाजी घेऊन धापा टाकत वर येते, तर दारातून हुकूम, "वहिनी, परत चढा. मेथीची जुडी बेसूर हलली."

"भाऊजी, माझे गुडघे बेसूर झालेत, त्यांचं बघा!"

"छे, ते लयीत आहेत."

कुरियरवाला तर हल्ली नाचतच येतो.

पण चेअरमन बोरस्त्यांची दुपारची झोप गेली. त्यांनी बजावलं, "जाधव, हे यंत्र उद्यापासून बंद. एक सूर ऐकू येता कामा नये."

एरवी भाऊजी तासभर भांडले असते. त्या दिवशी हात जोडून म्हणाले, "आवाज कमी करतो, साहेब. बंद करायला नका लावू."

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी वाटीभर शिरा घेऊन गेले. दार उघडंच. कॅमेरा आत टेबलावर आणला होता, आणि त्याच्यासमोर भाऊजींनी स्वतःचा उजवा हात धरला होता. आमच्या भजनी मंडळात पेटी तेच वाजवायचे. कंपवातानं बोटं थरथरायला लागली तसे यायचे बंद झाले. विचारलं की म्हणायचे, वेळ नाही. आता तीच बोटं थरथरत होती आणि खोलीत हलक्या आवाजात पेटी वाजत होती.

मला बघून ओशाळले. "थांबतच नाहीत हो, वहिनी. म्हटलं, वाजू देत."

"मग इथं कशाला? मंगळवारी मंदिरात आणा सगळं."

"लोक हसतील."

"हसू देत की! मी गाते तेव्हाही हसतातच."

बोरस्त्यांना मीच सांगितलं. मंगळवारी कॉम्प्युटर ते स्वतः उचलून मंदिरात घेऊन आले.

भजन छान रंगलं. शेवटचा गजर झाला, टाळ थांबले. भाऊजींचा हात काही थांबेना, आणि पेटी एकटीच वाजत राहिली. भाऊजींनी मान खाली घातली.

मी बोरस्त्यांकडे बघितलं. त्यांनी पुन्हा टाळ उचलले, आणि आम्ही दुसरा गजर धरला.