खिडकीच्या मंजुरीस पात्र पाऊस

पाऊस पाडणं सोपं आहे. तो खरा वाटायला लावणं कठीण, म्हणूनच हे काम नुसतं देवावर सोपवून चालत नाही. आमची सून ते संगणकावर करते. सिनेमात नायिका खिडकीशी रडते, तेव्हा काचेवरून ओघळणारं पाणी आमच्या घरचं असतं. (अश्रू दुसऱ्या विभागाकडे.)

थेंबांना शिस्त असते. थेंबाने आधी थबकावं, शेजारच्यात मिसळावं, जड व्हावं, मग वाकडंतिकडं ओघळावं आणि मागे ओलसर माग सोडावा. शेकडा चाळीस थेंबांनी जागचं हलू नये. (का, ते विचारायची पद्धत नाही.) हे नियम तिच्या साहेबांचे. पडद्यावरचे रंग फिके दिसू नयेत म्हणून त्यांच्या खोलीच्या खिडक्या कायम काळ्या कापडाने झाकलेल्या. इतका संयम मला रोजचे नेम पाळूनही जमलेला नाही.

सुनेची नोकरी कायम होणं सिनेमातल्या अशाच एका खिडकीवर अडलं होतं. काम साहेबांकडे गेलं की शेरा घेऊन परत यायचं. ‘थेंब फार हुशार वाटतात.’ ‘काच दुःखी नाही.’

एका दुपारी बाहेर धो धो लागला. सून कंटाळून उठली. “आई, पडदा जरा बाजूला धरता?” तिने आमच्याच खिडकीचं चित्रण केलं आणि काम म्हणून पाठवून दिलं.

“अगं, ही फसवणूक नाही का?”

“ह्याहून खरा कुठून आणू, आई?”

लगेच साहेबांचा फोन. “हे काय पाठवलंस? थेंब नुसते पडतायत. पाऊस कधी पाहिलायस का?”

“समोरच पाहतेय, सर.”

“तिथेच चुकतंय तुझं. बघत बसू नकोस, अभ्यास कर.”

तिने मुकाट्याने नियमाचा पाऊस पाडला. मंजूर झाला, नोकरी कायम झाली. देव नापास झाला ह्याचं मला वाईट वाटलं, पण साहेबांचा अनुभव मोठा. सांजवातीच्या वेळी मी देवाला हळूच सुचवलं, शेकडा चाळीस तेवढे थांबवून बघ.

वाचकहो, तो सिनेमा आपणही घरी पाहिलात. त्या खिडकीपाशी आपले डोळे भरून आले, हे आपणच सगळ्यांना सांगितलंत. तेव्हा बाहेर खराच पाऊस कोसळत होता. सिनेमातला नीट ऐकू येईना, म्हणून आपण उठून खिडकी लावून घेतलीत.