शरणम्माची धडधड बंद पडते

काळजी ही संसारातली अत्यावश्यक सेवा असून ती घरातल्या एकाच बाईकडं सोपवावी. बाकीच्यांची प्रकृती ठणठणीत राहते. निलंग्याच्या बसवराज किराणावाल्याकडं हे खातं बायकोकडं, शरणम्माकडं होतं.

त्या साली दुष्काळ पडला आणि लातूर नवा जिल्हा झाला. (पाणी आलं नाही, पाट्या आल्या.) टँकर गल्लीत कधी येणार हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसे, शरणम्माच्या छातीला मात्र बरोबर ठाऊक असे. धडधड वाढली की ती घागरी उचलायची, अन् टँकर वळणावर दिसायचा. गल्लीत पहिला नंबर कायम तिचा. पुढं हात थरथरू लागले, घास उतरेना. बसवराजनं तिला येष्टीनं लातूरला नेलं. डॉक्टरांनी डायझेपाम लिहून दिली.

ही जुनी, खानदानी गोळी. मेंदूत 'गाबा' नावाचा शांतता राखणारा शिपाई मुळातच असतो. गोळी नवा शिपाई नेमत नाही, आहे त्यालाच जास्त राबवते. (नवा जिल्हाही याच तत्त्वावर चालला होता.) ती अंगात शिरते झटक्यात, पण निघता निघत नाही. निम्मी उतरायलाच दीड-दोन दिवस. शिवाय यकृतात तिला एक लेक होते, ती आईहून चिवट. सोमवारच्या गोळीची बुधवारच्या गोळीशी दारातच गाठ पडते. (आपल्याकडच्या पाहुण्यांवर असं संशोधन अद्याप झालेलं नाही.)

आठवड्यात गुण आला. शरणम्मा दोन भाकरी जेवली आणि आडवी झाली. टँकरचा भोंगा वाजला. तिनं कूस बदलली.

"शरणम्मा! टँकर आला की गं!" सासू गुरम्मा ओरडली.

"येऊ द्या की अत्ती. त्याचं कामच हाय ते."

महिनाभर गुरम्मानं शेजारच्या उसन्या तांब्यावर लिंगपूजा उरकली. मग सगळं घर लातूरला धडकलं.

"डाक्टरसाब, गोळी बंद करा," बसवराज म्हणाला. "घरात पाणी न्हाई."

"एकदम बंद करता येत नाही. दबलेली काळजी दुपटीनं उसळते. हळूहळू कमी करू."

गुरम्माचे डोळे चमकले. "दुपटीनं? मग एकदमच करा की! दोन-दोन टँकर गाठंल."

शरणम्मा हसली. (या हसण्याची औषधशास्त्रात नोंद नाही.) "हळूहळूच करा, डाक्टरसाब. पर जेवढी गोळी कमी होईल, तेवढी काळजी घरात कुणी घ्यायची, तेबी लिवून द्या."

डॉक्टरांनी पेन उचललं. बसवराज चपलेकडं बघू लागला, गुरम्मा पंख्याकडं.

वाचकांपैकी ज्यांना गोळीशिवाय गाढ झोप लागते, त्यांनी तब्येतीचा फार अभिमान बाळगू नये. तुमच्या वाट्याची धडधड कुणाच्या छातीत चालू आहे, एवढी घरात चौकशी करावी.