नऊ नंबरचं मरण

नव्या प्रोसेसरसाठी सिग्नलचं टेबल लिहू शकतील अशी माणसं या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यातलं एक बोट मी आहे, असं मी यंदाच्या गणपतीपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता सांगत नाही.

थोडं समजावून सांगतो, घाबरू नका. मशीनमध्ये एकाच वेळी शेकडो प्रोग्रॅम चाललेले असतात. त्यांच्यावर कर्नल नावाचा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लक्ष ठेवून असतो, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. त्याला मधूनमधून या प्रोग्रॅमना निरोप द्यावे लागतात. थांब. पुन्हा चालू लाग. तू जन्माला घातलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, म्हणजे तुझ्या पोराचं, काम संपलं. आणि कुणी अगदीच ऐकत नसेल तर, मर. या निरोपांना सिग्नल म्हणतात. प्रत्येक निरोपाला एक नंबर असतो आणि कुठला नंबर म्हणजे कुठला निरोप, हे प्रत्येक प्रोसेसरसाठी एका टेबलात लिहून ठेवावं लागतं. मालाडच्या आमच्या कंपनीनं स्वतःचा प्रोसेसर बनवला आणि त्याचं टेबल लिहिलं मी!

एवढं सोपं करून सांगितलं तरी अण्णांना ते कळत नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "ते झालं रे, पण तू नक्की करतोस काय?" आमच्या समोरच्या ब्लॉकमधला केयूर दातांचा डॉक्टर आहे. तो काय करतो हे दाखवायला त्याच्या वडिलांनी नुसतं तोंड उघडलं की पुरतं. आमचे अण्णा मात्र सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये माझा विषय निघाला की "कंप्युटरमध्ये असतो" एवढं म्हणून घाईघाईनं गुडघेदुखीकडे वळत. मला ते फार लागायचं. जगात कुणाला कळो न कळो, बापाला तरी कळायला हवं की नको?

मग संधी चालून आली. घाटकोपरचे नंदकिशोरशेठ विजेवर चालणारी आरतीची यंत्रं बनवतात. देवळात तुम्ही पाहिली असतील. एका लोखंडी चौकटीत नगारा, झांजा आणि घंटा असतात, मोटार फिरली की सगळं एकदम वाजतं. शेठना आता फोनवरून चालणारं यंत्र हवं होतं. लय कमीजास्त करता यावी, वीज गेली तरी बॅटरीवर वाजावं, आणि मुख्य म्हणजे आरती चालू असताना ते कशानंही बंद पडू नये. पूर्वी एकदा त्यांचं यंत्र एका देवळात ऐन आरतीत गप्प झालं होतं आणि ट्रस्टींनी त्यांना देवासमोरच सुनावलं होतं.

आमचे साहेब हितेशभाई म्हणाले, ही ऑर्डर मिळाली तर आपला प्रोसेसर जगला, नाहीतर दिवाळीला कंपनीला कुलूप. मी ताबडतोब बोलून बसलो, की चाचणी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गणपतीत करू. तिथे आरतीचं ताट वर्षानुवर्षं अण्णांच्याच हातात असतं. म्हटलं, अख्ख्या सोसायटीदेखत यंत्र वाजू दे, म्हणजे आपला मुलगा काय करतो ते अण्णांना एकदाचं कळेल.

यंत्राचा प्रोग्रॅम लिहिला माझ्या टीममधल्या रुचिकानं. शेठची अट पाळायची म्हणून तिनं त्याला पार बहिरा करून टाकला. थांब म्हटलं, ऐकणार नाही. पुरे म्हटलं, ऐकणार नाही. फक्त 'मर' या एका निरोपापुढे कुठल्याच प्रोग्रॅमची मात्रा चालत नाही आणि त्याचा नंबर जगभर नऊ आहे. म्हणून फोनवरचं 'बंद' दाबलं की प्रोग्रॅमला नऊ नंबर जाईल, अशी सोय तिनं केली. आम्ही ऑफिसात पुन्हा पुन्हा तपासलं. झकास चालत होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी हितेशभाईंनी माझं टेबल पहिल्यांदा उघडून पाहिलं. हितेशभाईंच्या गाडीच्या नंबरची बेरीज नऊ, मोबाइल नंबरची बेरीज नऊ, आणि ऑफिस घेताना त्यांनी सगळ्या बिल्डिंग सोडून ही घेतली ती नवव्या मजल्यासाठी. त्यांनी टेबलातल्या नऊवर बोट ठेवलं.

"श्रेयस, माझा लकी नंबरवर तू मौत ठेवला?"

मी म्हटलं, हा माझा शोध नाही, आपल्या जन्माच्या आधीपासून चालत आलेली रीत आहे. ते म्हणाले, "प्रोसेसर आपला ना? मग नंबर पण आपला."

इथे मी हात जोडून नाही म्हणायला हवं होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं. खरंच की! प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचं टेबल ठेवायचा हक्क आहे, जुन्या काही प्रोसेसरांनी तो बजावलाही आहे, मग आपणच कुणाच्या मागून का जायचं? नऊ नंबरवर काहीतरी घरगुती, आनंदाची बातमी ठेव, असं हितेशभाईंचं म्हणणं होतं. सतरा नंबरवर 'पोराचं काम संपलं' हा निरोप होता. तो मी नऊवर आणला आणि मरण सतरावर नेऊन ठेवलं. सतराची बेरीज आठ, म्हणजे शनी, म्हणजे मरणाला एकदम योग्य जागा, असं सर्टिफिकेट हितेशभाईंनी स्वतः दिलं.

हे नवं टेबल घातलेला कर्नल यंत्रात भरला. दिवा लागला, फोन जोडला गेला. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता, त्यामुळे वाजवून बघायचं राहिलं. रुचिकाला सांगायचंही राहिलं, कारण ती घरच्या गणपतीसाठी रजेवर होती.

संध्याकाळी पार्किंगमधल्या मांडवात यंत्र मूर्तीच्या उजव्या हाताला ठेवलं. शेठ पुढे, त्यांच्या शेजारी हितेशभाई, आणि सगळ्यांच्या पुढे ताट घेऊन अण्णा. मी फोनवरून 'चालू' दाबलं. काय वाजलं म्हणून सांगू! वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली. अण्णांनी एकदा यंत्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेसाठी मी बारा वर्षं नोकरी केली होती.

आरत्या झाल्या, पुष्पांजली झाली, मी 'बंद' दाबलं. यंत्र वाजतच राहिलं.

आता घंटा वाजतेय म्हणजे आरती चालू आहे, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. चालू आरतीत कुणी जागचं हलत नाही आणि 'बस्स झालं' असं म्हणायची तर कुणाची हिंमतच नाही. अण्णांना वाटलं, नव्या यंत्राची आणखी एक आरती बाकी असेल. त्यांनी देवीची घेतली. मग शंकराची. मग मारुतीची. मी 'बंद' दाबत होतो आणि ते एकेक देव काढत होते. देव संपले तेव्हा कुणाच्या तरी गावच्या ग्रामदेवतेची आरती निघाली. ती एकाच माणसाला येत होती, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

शेठनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि दिसेल ते दाबलं. 'बंद' सोडून बाकी सगळं व्यवस्थित चालत होतं, त्यामुळे लय दुप्पट झाली. अण्णा आता दुप्पट वेगानं गाऊ लागले. मी आमचा वॉचमन दशरथ याला प्लग काढायची खूण केली. त्यानं मांडवाचा मुख्य प्लगच काढला. सगळीकडे काळोख झाला आणि त्या काळोखात यंत्र बॅटरीवर वाजतच राहिलं. गर्दीतून जयजयकार झाला. शेजारच्या दोन बिल्डिंगमधली माणसं चमत्कार बघायला धावत आली आणि मागे रांगेत उभी राहिली.

मी मूर्तीमागच्या पडद्याआड लॅपटॉप उघडून बसलो आणि हातानं नऊ नंबर पाठवायला लागलो. इतकी वर्षं बोटांना मारायचा तेवढा एकच नंबर ठाऊक. इकडून मी ओरडतोय मर, तिकडे प्रोग्रॅमला कळतंय की आपल्या पोराचं काम संपलं. तो 'बरं झालं' म्हणून पुन्हा नगारा बडवतोय. मी इतक्या वेळा नऊ पाठवला, की आपल्याला पोरं तरी किती, असा प्रश्न त्याला पडला असेल.

शेवटी रुचिकाला फोन लावला. ती म्हणाली, नऊ पाठव ना.

"पाठवतोय गं. मरत नाहीये."

"नऊला मरत नाही असं काही नसतं, श्रेयस. तू टेबलाला हात लावलास का?"

मी फोन ठेवला. स्वतः लिहिलेलं टेबल स्वतःच उघडून पाहिलं तेव्हा मला सतरा आठवला. तो पाठवणार तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि हितेशभाईंनी लॅपटॉपवर हात ठेवला.

"चालू आरतीमध्ये मारायचा नाय. शनी आहे तो. सगळा धंदा बसेल, यार."

मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला होता. अण्णांचा आवाज केव्हाच गेला होता, नुसते ओठ हलत होते. ताटाला त्यांनी आता दुसऱ्या हाताचाही आधार दिला होता. घंटा थांबायच्या आधी त्यांनी जन्मात कधी ताट खाली ठेवलेलं नाही, आणि ते आजही ठेवणार नव्हते, हे मला माहीत होतं. मला रडूच फुटायला आलं.

"हितेशभाई, माझा बाप पडेल तिकडे," मी म्हटलं आणि त्यांचा हात बाजूला करून सतरा पाठवला.

यंत्र जागच्या जागी थांबलं. अण्णांनी ताट ठेवलं आणि तिथेच खुर्चीवर बसले. दशरथनं प्लग लावला, तेव्हा उजेडात सगळ्या सोसायटीला मी लॅपटॉप पोटाशी धरून पडद्याआडून निघताना दिसलो.

शेठ यंत्राभोवती फिरून एकेक झांज हातानं तपासत होते. मी मनातल्या मनात दिवाळीचं कुलूप बघत होतो. मग ते म्हणाले, "माल मजबूत आहे. लाइट गेली तरी थांबला नाही. ऑर्डर पक्की. फक्त बाहेरून एक लाल बटण द्या, दाबलं की बंद." फोनवरच्या 'बंद'चं काय करायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, राहू दे, दिसायला बरं दिसतं. हितेशभाईंनी ऑर्डर नऊशे नगांची करून घेतली.

रात्री अण्णा मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होते. मला जवळ बोलावून त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "ते बंद कुणी केलं?"

"मी."

"आणि आता ते काम बटण करणार?"

मी म्हटलं, तसं नाही हो अण्णा, म्हणजे एका अर्थी तसंच, पण त्यामागे टेबल असतं. ते काही ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा उजळला होता. "मग एवढी वर्षं हे सरळ सांगायचं नाही का?" म्हणाले आणि समाधानानं झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाऊन आल्यावर केयूरचे वडील आमच्याकडे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात धीर दिला. श्रेयस यंत्रं बंद करायच्या कामाला होता आणि आता त्याच्या जागी बटण बसवणार आहेत, हे अण्णांनी ग्रुपमध्ये सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. काळजी करू नकोस, ते म्हणाले, केयूरच्या दवाखान्यात कंप्युटरवर बसायला माणूस हवाच आहे.

मी त्यांना काही समजावायला गेलो नाही. वेळ काय असते, तेवढं मात्र विचारून ठेवलं.