सातवी पायरी आणि एक्केचाळीस हजार प्रीसेट

आमच्या कार्यालयाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अठरा लाकडी पायऱ्या आहेत. त्यांतली सातवी पायरी एका सोमवारी सकाळी, कार्यालयीन वेळेतच, मोडली. पूर्ण नाही. भिंतीकडची बाजू शाबूत होती. कठड्याकडचा हातभर तुकडा तेवढा निखळला आणि जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या सुताराच्या पुढ्यात जाऊन पडला. सुताराने तो उचलून बाजूला ठेवला आणि वरून काही आदेश येतो का याची वाट बघत बसला.

मी 'फलक व सूचना' शाखेत डिझायनर आहे. अकराच्या सुमारास जिना पुसणाऱ्या मावशी बादली हातात घेऊनच माझ्या टेबलापाशी आल्या.

"दादा, त्या पायरीपाशी एक कागद लावा ना, 'जपून' म्हणून. मी दिवसातून आठ वेळा भरलेली बादली घेऊन जाते तिथून. आत्ताच पाय जाता जाता वाचला. एक गुडघा आधीच कामातून गेलाय. पडले तर घरी मला उठवायलाही कोणी नाही."

"कागद कशाला मावशी? चांगला फलकच करतो," मी म्हणालो. "दुपारपर्यंत लागेल."

मला मावशींबद्दल खरोखर कळवळा आला होता, हे इथे नोंदवतो. मी लगेच खाली जाऊन सुताराला फलकासाठी फळी कापायला सांगितली. त्याने माप विचारलं. डिझाइन झाल्यावर सांगतो, म्हणालो. "बरं, अंदाजाने कापून ठेवतो," असं म्हणून त्याने इंचभर जाडीची एक सुरेख फळी करवतीखाली घेतली.

फलकाला पिवळ्यावर काळे तिरके पट्टे हवे होते. असे पट्टे हाताने काढायला दहा मिनिटं लागतात, पण आता हाताने कोण काढतो? त्यासाठी प्रीसेट असतात. प्रीसेट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेली नक्षी, सावली, छटा किंवा ब्रश. आपण बटण दाबायचं आणि डिझायनर म्हणवून घ्यायचं. माझ्या संगणकात असे एक्केचाळीस हजार प्रीसेट होते. त्यांतले चाळीस हजार मी फुकट मिळाले म्हणून उतरवून घेतले होते, उरलेले माझ्या आधीच्या माणसाने. फाइलींची नावं 'नवीन', 'नवीन शेवटचं', 'हेच वापरा' आणि 'हे नको, ते वापरा' अशी होती. पिवळे-काळे पट्टे त्यांत कुठेतरी होते. बुधवारपर्यंत मी शोधले.

गुरुवारी माझ्याकडून एक चूक झाली. साहेबांनी फलकाचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सापडत नाही, साहेब."

साहेबांना कोणतीही अडचण सुटी बघवत नाही. ते तिचं धोरण करतात. त्यांनी आठवड्याभरात एक सॉफ्टवेअर आणवलं. नाव 'नीटनेटकं'. सॉफ्टवेअर उत्तम होतं, त्याला मी बोल लावणार नाही. फाइल न उघडताच आत काय आहे त्याचं चित्र दाखवायचं, तिला खण द्यायचं, टॅग लावायचं, एकापासून पाचपर्यंत तारे द्यायचं. पट्टे मला पाचव्या मिनिटाला दिसले. मी त्यांच्यावर क्लिक करणार, इतक्यात परिपत्रक आलं: 'टॅग न लावलेला कोणताही प्रीसेट वापरला जाऊ नये. सर्व प्रीसेटचे वर्गीकरण पूर्ण होईपर्यंत नवीन डिझाइन हाती घेऊ नये.'

वर्गीकरणासाठी रेकॉर्ड रूममधल्या बाईंना आणलं. बाईंनी आयुष्यभर कागद जागच्या जागी ठेवले होते आणि त्या काळात एकही कागद कोणाला सापडू दिला नव्हता. साहेब, बाई आणि मी अशी तिघांची समिती झाली. प्रत्येक प्रीसेटला 'भाव' लिहायचा, असं ठरलं. दिवसाला दीडशे व्हायचे. महिन्याभरानंतर पट्ट्यांची पाळी आली.

"पिवळा," बाई चष्मा सावरत म्हणाल्या. "पिवळा म्हणजे आनंद."

"पण त्यात काळा आहे," साहेब म्हणाले.

"काळा म्हणजे दुखवटा."

"आनंद आणि दुखवटा एकाच खणात कसे बसणार?"

"बाई, हे धोक्याचे पट्टे आहेत," मी म्हणालो. "सगळ्या जगाला माहीत आहे."

"जगाला माहीत असेल. रेकॉर्डला नाही."

साहेबांनी डोळे मिटले. मोठे निर्णय ते तसेच घेतात. "आनंद आणि दुखवटा एकत्र," ते म्हणाले. "सेवानिवृत्ती."

पट्टे 'सेवानिवृत्ती'च्या खणात गेले. तिथून ते फक्त सेवानिवृत्तीच्याच कामाला काढता येत होते. 'धोका' असं शोधलं की 'नीटनेटकं' लग्नपत्रिकांच्या किनारी दाखवायचं. बाईंना त्याचं कारण विचारायचं मला धाडस झालं नाही.

या काळात कार्यालयाचं काम काही अडलं नाही. माणसाला सवय लागायला वेळ लागत नाही. सहावीवरून आठवीवर टांग टाकायची सगळ्यांनाच सवय झाली. फाइल काखेत असेल तरी, बोलत असतील तरी. नव्याने आलेल्या माणसाला आधी ही टांग शिकवत आणि मग हजेरीचं रजिस्टर दाखवत. फक्त भरलेली बादली घेऊन टांग टाकता येत नाही. मावशी सातवीवर भिंतीला चिकटून, एक हात भिंतीवर टेकून, जीव मुठीत धरून जायच्या. येता-जाता माझ्या दारात थांबायच्या.

"दादा, कागद?"

"होतोय, मावशी. चौदा हजारापर्यंत आलोय."

खालून सुतारही विचारायचा, "माप?" मी त्याला थांबायला सांगायचो. त्याने फळीच्या कडा घासून घासून आरशासारख्या केल्या होत्या.

शेवटी मावशींनी खडूचा तुकडा घेतला आणि सातव्या पायरीवर मोठी फुली मारली. ती फुली रोज दुपारी त्यांनाच पुसावी लागे, कारण जिना स्वच्छ ठेवणं हे त्यांचं काम होतं. पुसून झालं की त्या पुन्हा मारायच्या.

चौथ्या दिवशी ती फुली साहेबांच्या नजरेला पडली. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हे कोणत्या प्रीसेटमध्ये केलंय?"

"खडूने केलंय, साहेब. मावशींनी."

"म्हणजे टॅग नाही."

मावशींना मेमो मिळाला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो माझ्याकडूनच वाचून घेतला. मी वाचून दाखवला आणि खाली सही कुठे करायची तेही दाखवलं. त्यांनी सही केली, मेमोची घडी कमरेला खोचली आणि बादली उचलली.

पण साहेब रसिक आहेत. मेमो दिल्यावर ते पुन्हा पायरीपाशी गेले आणि बराच वेळ खाली बघत राहिले. "काय हात आहे!" ते म्हणाले. "दोनच रेघा, पण कशा तळमळीने ओढल्यात! हे आपल्या संग्रहात नको?" मी फुलीचा फोटो घेतला, तिचा ब्रश केला आणि 'नीटनेटकं'मध्ये घातला. नाव 'खडू-फुली ०१', भाव 'तळमळ', तारे पाच. समितीने एवढ्या एकमताने दुसरं काहीही मंजूर केलेलं मला आठवत नाही.

फुली बघता बघता सगळीकडे झाली. हिशेब शाखेने ती अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतली, आस्थापना शाखेने लेटरहेडवर. साहेबांच्या ओळखपत्रावर त्यांच्या फोटोशेजारी ती आली. बाहेरच्या कार्यालयांतून मागणी येऊ लागली. एकच जागा अशी होती जिथे ती आता दिसत नव्हती. मूळ फुली टॅग नसल्यामुळे अनधिकृत होती, ती पुन्हा काढायची नाही असं मावशींना बजावलं होतं.

वर्गीकरण पूर्ण झालं त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात समारंभ ठेवला. 'वर्षातला सर्वोत्तम प्रीसेट' जाहीर व्हायचा होता. सकाळपासून मावशी जिना चकचकीत करत होत्या. पाहुणे यायला लागले तेव्हा त्या ओल्या जिन्यावर बादली घेऊन मध्येच होत्या. वरिष्ठ मंडळींना वाट द्यायला त्या बाजूला सरकल्या. भिंतीकडून पाहुणे चालले होते, म्हणून त्या कठड्याकडे सरकल्या.

मी त्या वेळी मंचावर होतो. मागच्या पडद्यावर खडूची फुली दहा फूट उंच झाली होती आणि टाळ्या पडत होत्या. टाळ्या थांबल्यावर जिन्यातून बादली गडगडत गेल्याचा आवाज आला, आणि मग मावशींचा. मी पळत गेलो. त्यांचा पाय सातव्या पायरीतून खाली गेला होता आणि गुडघ्याखाली वाकू नये तिथे वाकला होता. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. पुसलेल्या पायऱ्यांकडेच बघत राहिलो.

चौकशी झाली. मावशी मनाई असलेल्या जागी उभ्या होत्या, पण ती जागा मनाईची असल्याचं दाखवणारा फलक नव्हता, असा निष्कर्ष निघाला. मग मात्र चक्रं फिरली. वरातीमागून का होईना, घोडं निघालं. पट्ट्यांना 'सेवानिवृत्ती'तून प्रतिनियुक्तीवर काढण्याची खास परवानगी मिळाली. मजकुरावर तीन बैठका होऊन 'सातवी पायरी मोडकी आहे, कृपया जपून' एवढं ठरलं. अडीच महिन्यांनी डिझाइन छापून आलं. ते फक्त फळीवर चिकटवायचं राहिलं होतं.

त्याच सकाळी मावशी कामावर हजर झाल्या, काठी टेकत. मी छापलेला फलक गुंडाळून खाली सुताराकडे गेलो होतो. मावशी दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी फळी बघितली. काठी बगलेत धरून तिच्यावरून हात फिरवला.

"मिस्त्री, ही कधीपासून पडलीये?"

"पहिल्या दिवसापासून, मावशी."

"चांगली जाड आहे की. मग ही फळीच ठोका ना त्या पायरीवर."

मी सुताराकडे बघितलं, सुताराने माझ्याकडे. चार स्क्रू लागले. तिसऱ्या मजल्यावर माझा चहा वाफाळत होता; पायरी झाल्यावर मी परत गेलो तेव्हा तो अजून पिण्याइतका गरम होता.

"मला फलकाची फळी कापायला सांगितली होती," सुतार पान्हा-पेचकस आवरत म्हणाला. "पायरीचं कोणी बोललंच नाही."

सुंठीवाचून खोकला गेला होता. पण सुंठीची फाइल मंजूर झाली होती, तिचं काय? साहेब जिन्यापाशी आले. त्यांनी नवी पायरी पाहिली, माझ्या हातातला फलक वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इथे लिहिलंय, पायरी मोडकी आहे."

"हो, साहेब."

"आणि पायरी धड आहे. म्हणजे हा फलक लावला तर आपलं कार्यालय खोटं बोलणार! शिवाय फळी फलकाच्या नावावर आहे. मिस्त्री, काढा ती."

सुताराने पेचकस हातात घेतला, पण पुढे सरकला नाही. मावशी हळूहळू सहा पायऱ्या चढल्या, वळल्या, आणि काठी मांडीवर आडवी घेऊन सातवीवर बसल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "मी बसलेय तोवर कशी काढता ते बघते."

साहेबांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी ते उघडले नाहीत. मावशी अजून तिथेच बसतात. सकाळी दोन तास, दुपारी दोन. लोक सहावीवरून आठवीवर टांग टाकून त्यांना ओलांडतात. सवय आहेच.

हे वाचून तुम्ही आम्हाला हसला असाल, तर हरकत नाही. मला पायरी दुरुस्त करायचं सुचलं नाही, हे मी कबूल करतो. माझ्यापुढे एक्केचाळीस हजार फाइली होत्या. तुमच्यापुढे एकही नव्हती. पायरीचा निखळलेला तुकडा सुताराच्या पुढ्यात पडला आणि तो आदेशाची वाट बघत बसला, हे तर मी तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात सांगितलं होतं. खरं सांगा, मावशींचा पाय मोडेपर्यंत तुम्हीसुद्धा फलकाचीच वाट बघत होतात ना?