गणेशपेठेतलं सांतियागो

आमच्या शेजारचे किसनराव भोयर रोज सकाळी चहा घेऊन सांतियागोला जात आणि जेवायच्या वेळेला गणेशपेठेत परत येत. सांतियागो म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची राजधानी. किसनरावांचा खरा प्रवास म्हणाल तर काटोलच्या पलीकडे नाही, तोही संत्र्याच्या बागा बघायला. पण सांतियागोचा किल्ला, पूल, राष्ट्राध्यक्षांचा वाडा, सगळं त्यांच्या पायाखालचं. कारण ते सगळं त्यांनी नागपुरात आणून बसवलं होतं.

जन्मभर त्यांनी संत्र्याची आडत केली. आवाज असा की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक आपोआप इकडे वळायचं. बायको वारल्यावर धंदा पुतण्याच्या हवाली केला. एकुलती एक पोरगी, पुष्पा, लग्न होऊन चिलीला गेली. जावई खाणींचा इंजिनियर. त्यानं जाताना सासऱ्यांना सांतियागोचा मोठा नकाशा दिला. दुसरा कोणी असता तर भिंतीला लावून मोकळा झाला असता. किसनकाकांनी घडी घालून तो कोटाच्या खिशात टाकला आणि चपला चढवल्या.

"भितीवर पाहून काय होते गा? चालल्याबिगर शहर समजत नाही!"

हे त्यांचं पालुपद. सकाळी कोणीतरी सोबत लागे, आणि माझ्या कचेरीची वेळ दुपारची, म्हणून माझी वर्णी लागली.

सांतियागोच्या मधोमध सांता लुसिया नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी स्पॅनिश लोकांनी शहर वसवलं आणि पुढे वर बुरूज बांधले. नागपूरच्या मधोमध सीताबर्डीची टेकडी, वर किल्ला. काकांनी मांडीवर थाप मारली, "सौदा पक्का!" तिकडे टेकडीवर दुपारी बारा वाजता तोफ उडते. इकडे गिरणीचा भोंगा झाला की काका म्हणत, "उडाली तोफ, चाल जेवाले."

नदीपाशी मात्र गाडं अडलं. तिकडची मापोचो नदी टेकडीच्या उत्तरेला आणि आपली नाग नदी दक्षिणेला. मी मनात म्हटलं, सुटलो. काकांनी नकाशा सरळ उलटा धरला. पूर्वेचं सगळं पश्चिमेला गेलं, पण नदी जागेवर आली.

नदीवरच्या पुलावर थांबवून ते मला दरडावायचे, "याचा चुना कायच्यात कालवला होता, सांग."

"पाण्यात."

"अंड्यात गा! कैद्यायच्या हातानं बांधला आन चुन्यात अंडी फोडली, ढिगानं. तरी पुरात गेलाच."

हे मी घरी सांगितल्यापासून माझी बायको कमल उपासाच्या दिवशी तो पूल टाळायला लागली.

राष्ट्राध्यक्षांचा वाडा त्यांनी कॉटन मार्केटजवळच्या एका विटांच्या गोदामात बसवला होता. "पहिले टाकसाळ होती. नाणी पाडता पाडता राज्य कराले लागले," असं ते सांगत. गोदामाच्या भिंतीशी कोणी आडोशाला उभा राहिला, की काका रस्त्यापलीकडून गरजायचे, "राष्ट्राध्यक्षाच्या भितीवर करून राहिला का बे?" तो बिचारा अर्धवट सोडून पळायचा.

राहता राहिलं पुष्पाचं घर. नकाशाप्रमाणे ते टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, पार अंबाझरी तलावापाशी येत होतं. पहिली काही वर्षं काका रोज तिथवर जाऊन यायचे. मग गुडघ्यानं दगा दिला. एका सकाळी गोदामासमोरच्या कडुलिंबाखाली ते थांबले.

"आतापासून पुष्पाचं घर इथं."

"काका, नकाशात ते अंबाझरीला आहे."

"नकाशाचा गुडघा दुखते का? सौदा पक्का."

त्या दिवसापासून कडुलिंबाखाली आलं, की काकांच्या चपलेचा अंगठा हटकून सैल व्हायचा. मला पुढे पाठवून ते बराच वेळ वाकून काहीतरी करत. एकदा मी मागे वळलो तर चप्पल धडधाकट होती आणि काका झाडाच्या बुंध्याला विचारत होते, "जेवली का वं?"

मग त्र्याहत्तर सालचा सप्टेंबर उजाडला. मी दाढी करत होतो. काका टोपीशिवाय आले. त्यांना टोपीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं.

"रेडिओ ऐकला का? वाड्यावर बॉम्ब पडले गा. इमानातून. वाडा जळून राहिला."

लष्करानं चिलीचं सरकार उलथवलं होतं. कमलनं काकांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"पुष्पा तं समोरच राहते," ते म्हणाले.

"समोर नाही काका, लांब राहते," मी म्हणालो. कमलनं त्यांच्या खिशातून नकाशा काढून जमिनीवर पसरला आणि त्यावर हात ठेवला. "हे पाहा, चांगलं वीतभर अंतर आहे."

"नकाशात हाये वं. पन मीच तिले वाड्यासमोर आनून ठेवलं ना. माह्या गुडघ्यापायी."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी तोंडावरचा साबण पुसून मी सदरा चढवला. आम्ही तार केली. ट्रंक कॉल लावायला गेलो तर त्या देशाच्या लाइनी बंद असल्याचं कळलं. परत आलो तो काका अंगणात चपला घालून उभे.

"तिले तिच्या जागेवर नेऊन ठेवतो."

"रिक्षा करू."

"चालत आनली, चालतच न्या लागन."

कडुलिंबापासून निघालो. रोज वाटेत दहा ठिकाणी थांबून गोष्टी सांगणारा माणूस टेकडीला वळसा घालून न थांबता धरमपेठेपर्यंत आला. डाव्या हाताची मूठ अशी धरलेली, जशी गर्दीत लहान पोराचं बोट धरतात. अंबाझरीच्या पाळीवर पोचल्यावर त्यांनी ती मूठ सोडली. मांडीवर थाप मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

पुढचे दिवस वाईट गेले. काका आमच्याकडेच रेडिओला कान लावून बसत. बातम्यांत चिली आलं की कमल हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून दारात येई. संचारबंदी आहे, लोकांना पकडतायत, एवढंच कळायचं. मग बातमी आली की पकडलेल्यांना एका मोठ्या स्टेडियममध्ये कोंडलंय. काकांनी नकाशा काढला आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं. स्टेडियम पुष्पाच्या घरापासून जवळच होतं.

इतके दिवस "लांब आहे, लांब आहे" म्हणून मी त्यांना धीर देत होतो. आता मी नकाशाची घडी घालायला लागलो.

"चाल गा," काका म्हणाले.

गुडघा सुजून भोपळा झालेला. काठी टेकत, थांबत, पुन्हा उठत आम्ही अंबाझरीला पोचलो. काका थांबलेच नाहीत. तलाव मागे पडला, घरं संपली, हिंगण्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली. नकाशाचा कागद केव्हाच संपला होता.

"काका, कुठवर नेणार तिला?"

"जिथं कोनी नाही तिथं."

मी वैतागलो होतो, घाबरलोही होतो. हा माणूस रस्त्यातच कोसळला तर? मी जरा जोरातच बोललो, "इतकी वर्षं तिला जवळ ओढत होता, आणि आता ढकलत निघालात!"

ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. आडत्याचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"तवा मले ती जवळ पाहिजे होती. आता जित्ती पाहिजे."

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही आणखी पुढे गेलो, एका मैलाच्या दगडापर्यंत. तिथे ते बसले ते बसलेच. उठता येईना. मी येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांकडे बघत उभा राहिलो.

तेवढ्यात मागून सायकलरिक्षाची घंटी ऐकू आली. रिक्षात कमल, अर्धी उभी, हात हलवत होती. अंबाझरीपर्यंतची आमची वाट तिला पाठ होती, पुढची तिनं विचारत काढली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून काठी घट्ट धरली.

"तार आली काका! दोघं सुखरूप आहेत!"

काकांनी तिला तार पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा तिलाच वाचवेना, म्हणून मी वाचली. काकांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि त्या टोपीत ते रडले, मोठ्यानं, आडत्याच्याच आवाजात. शेतातला माणूस काम थांबवून बघायला लागला.

जरा वेळानं आम्ही दोघांनी त्यांना उचलून रिक्षात बसवलं. ते अगदी कडेला सरकले आणि डावा हात रिकाम्या जागेवर ठेवून बसले. मी चढायला पाय उचलला.

"तू नको गा. जागा नाही."

"अहो काका, एवढी जागा..."

कमलनं माझी बाही ओढली. रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "बाबूजी, दूसरी सवारी नहीं आ रही क्या?"

"बसली हाये," काका म्हणाले. "हळू चाल बापा. लय दुरून आली, पोरगी थकली हाये."