पेशंट कम्फर्टेबल आहे

दुपारी तीनला इस्पितळातल्या नर्सने फोनवर सांगितलं, "तुमचे मिस्टर कम्फर्टेबल आहेत," आणि एनिडने मटकन बसकण मारली.

उत्तर इंग्लंडातल्या डरहमकडच्या त्या खाणीच्या गावात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एनिडची आई गुरुवारी कम्फर्टेबल होती, शुक्रवारी गेली. मामा तर 'अगदी कम्फर्टेबल' झाले, आणि नातेवाईक पोचेपर्यंतही थांबले नाहीत.

क्लिफर्डचं ऑपरेशन साधं हर्नियाचं होतं. तरी एनिडने त्याचा काळा सूट इस्त्रीला काढला, मयताच्या जेवणाचं हॅम सांगून ठेवलं, आणि धाकट्या दिराला, नॉरिसला फोन लावला.

"काय म्हणाले गं?"

"कम्फर्टेबल."

"अरे देवा! निघालोच मी."

नॉरिस वॉर्डात पोचला तेव्हा क्लिफर्ड डोळे मिटून पडला होता. त्याचा हात धरून नॉरिस घळाघळा रडू लागला.

"दादा, माफ कर मला. भाज्यांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुझ्या कांद्यात सुरी मी खुपसली. अर्नल्डने नाही. माझ्या कांद्याचा दरवर्षी दुसराच नंबर यायचा रे!"

पावणेचार किलोचा कांदा होता तो. त्यापायी क्लिफर्डने शेजारच्या अर्नल्डशी सतरा वर्षं अबोला धरला होता. गेल्या हिवाळ्यात अर्नल्ड वारला, तेव्हाही हा पडदे ओढून घरात बसून राहिला.

क्लिफर्डने एक डोळा उघडला. "हे आज का सांगतोयस?"

"तू मरतोयस म्हणून!"

"कोण मरतंय? मी कस्टर्डची वाट बघतोय!"

नर्स नवी होती, दक्षिणेकडून आलेली. ती बिचारी तो शब्द पुस्तकातल्या अर्थाने वापरत होती.

"चालता हो," क्लिफर्ड भावाला म्हणाला. कस्टर्ड आलं, पण त्याने चमचासुद्धा उचलला नाही.

घरी सोडल्यावर, टाके सांभाळत तो पहिल्यांदा गेला तो अर्नल्डच्या दारात. त्याच्या बायकोने, मेव्हिसने दार उघडलं.

"मेव्हिस, त्या कांद्याचं... अर्नल्डचा काही दोष नव्हता. तो तर..."

"नॉरिसने कापला. माहीत आहे. तो तुमच्या कुंपणावरून उतरत होता, तेव्हा अर्नल्डने खिडकीतून पाहिलं होतं त्याला."

"मग बोलला का नाही?"

"मीही कितीदा सांगितलं, बोल म्हणून. तर म्हणायचा, भाऊ एकच आहे त्याला. शेजाऱ्यावर रागावला तर रागावू दे."

क्लिफर्डला पाय पुढेही टाकवेना, मागेही घेववेना.

"थंडी आत येतेय," मेव्हिस म्हणाली. "ये. ती खिडकीजवळची खुर्ची सोडून कुठेही बस."