रस्त्याला आवतन

रहदारी-भार शुल्काच्या सुनावणीला, ज्या रस्त्यावर भार पडणार तो रस्ता जातीने हजर राहतो, म्हणून वत्सलाताई गावंडे त्या दिवशी तालुक्याला शेतातून चालत गेल्या. पिंपळझरीचा रस्ता सकाळीच उठून निघून गेला होता. एसटी गावातच अडकून पडली, दूधवाला कॅन घेऊन बांधावर बसून राहिला. कोणी कुरकुर केली नाही. सरकारी काम म्हटलं की असं व्हायचंच.

वत्सलाताईंचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना उभा राहिला होता. साचे आले होते, गावातल्या बाया काम मिळणार म्हणून हरखल्या होत्या. राहिली होती फक्त रस्त्याची सही. ती नाही तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर नवऱ्यामागे घरदार गहाण टाकून उभं केलेलं सगळं मातीत.

त्या कचेरीत पोचल्या तेव्हा रस्ता आधीच येऊन बसला होता. घड्या घालून बाकावर टेकला होता, पण नाल्याजवळचं वळण काही आत मावलं नव्हतं, ते दाराबाहेर राहिलं होतं. शिपाई येता-जाता ते ओलांडत होता.

शुल्क ठरवणारे देवतळे साहेब शांत स्वभावाचे होते. कामगार किती, पाळ्या किती, भरलेले ट्रक किती, हे त्यांनी विचारून घेतलं, तक्त्यावरून बोट फिरवलं आणि आकडा सांगितला. आकडा मोठा होता. तेव्हा वत्सलाताईंनी जन्मभर बाजारात जे केलं तेच केलं. भाव पाडायचा तर आधी मालाला नावं ठेवायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"साहेब, ह्या रस्त्याले कायचा आला भार? दिवसभर लोळत तर पडलेला असते."

कांद्याच्या ढिगाला असं बोललं की कांदा ऐकून घेतो. रस्त्याने ऐकून घेतलं नाही.

"म्या सही नाई करत, साहेब," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ताई लग्न होऊन आल्या त्या माह्यावरूनच. त्यायच्या मालकाले नेलं, तेबी माह्यावरूनच. पानी पडून गेलं होतं, खांदेकरी घसरत होते. म्या त्यायचे पाय धरून ठेवले एकेक. अन् आता म्हनतात, लोळत पडलेला असते."

देवतळे साहेबांनी हे टिपून घेतलं.

"रस्त्याची हरकत असेल तर शुल्क स्वीकारता येत नाही," ते म्हणाले. "शिवाय बाई, शेजारच्या वरखेडला रस्ता नाही. तिथून यांना बोलावणं आलेलं आहे."

"हाओ," रस्ता म्हणाला. "विचार करून राह्यलो."

वत्सलाताईंचं तोंड उतरलं. कारखाना बुडण्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटली. तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. सगळं निसरडं झालेलं, आणि तरी तिरडी एकदाही कलली नव्हती. याचं श्रेय त्यांनी इतकी वर्षं दिरांना दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. माहेरी वडील आदल्या संध्याकाळी हळद-तूप लावून बैलांचे खांदे मळायचे, ते त्यांना आठवलं. त्यांनी शिपायाकडे हळद आणि तूप मागितलं.

"स्टोअरात हळद नाई येत जी," शिपाई म्हणाला. "मागनी टाका लागते." मग त्यानेच कँटीनमधून वाटी आणून दिली.

ताई दाराबाहेर जमिनीवर बसल्या. त्या वळणावर सगळ्या गाड्यांचा जोर येतो, तिथे डांबर दबून खोलगट झालं होतं. त्यांनी तिथे हळद-तूप सावकाश चोळलं. रस्ता आधी आखडला, मग हळूहळू सैल पडला, आणि बाकावरची एक घडी आपसूक उलगडली.

"चुकलंच माह्यं," ताई म्हणाल्या, आणि वडील बैलांना द्यायचे तसंच आवतन दिलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रस्त्याने आणखी एक घडी उलगडली.

"पुरनपोळी?"

"मंग काय."

"दर पोळ्याले माह्यावर गाडी नाई. पायीबी कोनी नाई."

"गावाले म्या सांगते."

देवतळे साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "खांदेमळणीला रकाना नाही. 'इतर'मध्ये धरतो. मात्र ही सूट नव्हे, शुल्क पूर्ण भरावं लागेल."

ताईंनी हूं की चूं न करता पूर्ण भरलं. रस्त्याने सहीच्या जागी टायरचा ठसा उमटवला.

बाहेर ऊन कललं होतं. ताई बांधाच्या वाटेला लागणार, तेवढ्यात रस्ता म्हणाला, "शेतातून कुठं जाता? चला, म्याबी घरीच निघालो."

तो त्यांच्यापुढे उलगडत चालला. मैलाचे दगड आपापल्या जागी बसत गेले, बाभळीही सरकून कडेला नीट उभ्या राहिल्या. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. नाला आला, वळण आलं. हळद अजून ओली होती. ताईंनी चपला काढून हातात घेतल्या.

"घाला जी ताई," रस्ता म्हणाला. "खडी रुतते माही, मले ठाव हाय."

"रुतू द्या," ताई म्हणाल्या.